ड जिन्यातली माणसं

१

माणसं बनवायचा मला पगार मिळतो. ऐकायला भारी वाटतं, पण काम कारकुनी आहे. आमची कंपनी प्लोव्हदिव शहरातल्या एका इस्पितळासाठी सिस्टीम बांधत होती. रुग्ण आला, नोंदवला, तपासला, बरा होऊन गेला किंवा नुसताच गेला, हे सगळं तिच्यात बसायला हवं होतं. ती नीट चालते का, हे बघायला आधी तिच्यात माणसं भरावी लागतात. खऱ्या रुग्णांची माहिती वापरायला कायद्याने बंदी आहे. म्हणून खोटी माणसं लागतात आणि ती मी बनवते.

माझ्या समोरच्या टेबलावर कामेन बसतो. चाचण्या घेणं हे त्याचं काम. माणसं बनवणं त्याच्यावर सोपवलं तर तो रुग्णाचं नाव ‘टेस्ट टेस्टोव्ह’ लिहील, जन्मतारीख एक जानेवारी टाकेल आणि कॉफी प्यायला जाईल. अशा माणसांवर सिस्टीम झकास चालते आणि खरी माणसं आली की पहिल्याच सकाळी आडवी होते. कारण खरी माणसं वाकडी असतात. कुणाच्या आडनावात जोडरेघ असते. तीन लग्नं केलेली बाई दर वेळी वेगळ्या नावाने येते. सत्तरीच्या बाईचं नाव आणि सात वर्षांच्या मुलीचं नाव एका काळातलं नसतं. मी हे सगळं जुळवते. आजोबांचं नाव नातवाला देते, बापाचं नाव मधल्या नावात बसवते, एखाद्या घरात मधुमेह पिढीजात ठेवते. कामेन मला ‘देवाघरची कारकून’ म्हणतो. देवाने इतकं मन लावून केलं असतं तर बरं झालं असतं, असं मी त्याला सांगते.

पत्त्याचा मात्र पेच असतो. पत्ता खरा वाटला पाहिजे, पण तिथे खरोखर कुणी राहत असता कामा नये. त्यावर माझी एक युक्ती होती. त्राकिया वस्तीतल्या ज्या लांबलचक काँक्रीटच्या इमारतीत माझे वडील राहतात, तिला तीन जिने आहेत, अ, ब आणि क. माझी सगळी माणसं मी त्याच इमारतीत ठेवली, ड जिन्यात. रस्ता खरा, इमारत खरी, पोस्टाचा क्रमांकही खरा. फक्त तो जिना नव्हता.

२

या सगळ्यांत म्हातारी नेव्याना वेगळी होती. नेव्याना पेत्कोव्हा दास्कालोव्हा, विधवा, मूलबाळ नाही, भाऊबहीण नाही. जन्म एकोणतीस फेब्रुवारीचा, कारण त्या तारखेला बऱ्याच सिस्टीम अडखळतात. पण मुळात तिला बनवलं होतं ते एका रकान्यासाठी, ‘निधन झाल्यास कोणाला कळवावे’. तो रिकामा असला तर काय होतं, ते आम्हाला बघायचं होतं.

त्यामुळे नेव्याना रोज दुपारी मरायची. जेवण झालं की कामेन तिच्या नावावर मृत्यूची नोंद करायचा, सिस्टीम अडायची आणि लाल पट्टी यायची, ‘नातेवाईक नोंदवा’. कामेन एक शिवी हासडायचा आणि प्रोग्रामरकडे दुरुस्तीला पाठवायचा. संध्याकाळी निघण्याआधी सगळा डेटाबेस मूळ प्रतीवरून पुन्हा भरायचा, हा आमचा नेम. दिवसभरात झालेलं सगळं पुसलं जायचं. मेलेले जिवंत व्हायचे, कापलेले पाय परत यायचे. सकाळी नेव्याना पुन्हा मरायला तयार असायची.

“चिवट आहे हं तुझी म्हातारी,” कामेन म्हणायचा. “माझ्या सासूवर गेली आहे.”

हिवाळ्यातल्या एका सकाळी मी तिचं पान उघडलं, तर त्या रिकाम्या रकान्यात एक शब्द होता. शेजारी.

“हे काय रे?” मी विचारलं.

कामेनने मान लांब करून बघितलं. “मी नाही. मी लिहिलं असतं तर शिवी लिहिली असती.”

“मग कोणी लिहिलं?”

“काल पुन्हा भरताना काहीतरी अर्धवट राहिलं असेल. पुसून टाक.”

मी पुसलं. मूळ प्रत तपासली, तिच्यात रकाना रिकामा होता. संध्याकाळी पुन्हा सगळं भरलं, या वेळी स्वतः उभी राहून. दुसऱ्या दिवशी तिथे लिहिलेलं होतं, ‘शेजारी, भिंतीपलीकडचे’. मला भीती वगैरे वाटली नाही. कुणीतरी माझ्या कामात हात घालतंय याचा राग आला आणि मी सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेतले.

३

शनिवारी दुपारी मी तातेंकडे जाते. ताते म्हणजे माझे वडील, ल्युबेन. जन्मभर ट्रॉलीबस चालवली, आई गेल्यापासून क जिन्यातल्या कडेच्या फ्लॅटात एकटे राहतात. हृदय नाजूक आहे. मलाही घटस्फोटानंतर त्यांच्यावाचून कुणी नाही. माझ्याकडे राहायला या म्हणून मी दर शनिवारी भांडायचे आणि दर शनिवारी हरायचे, कारण क जिन्याचे कारभारी तेच होते. झाडलोट, लिफ्टची वर्गणी, दिवे आणि कुणी गेलं की खालच्या दाराला दुखवट्याचा कागद लावणं, हे सगळं त्यांच्याकडे.

आमच्याकडे माणूस गेला की कागद लागतो. फोटो, तिन्ही नावं, दोन तारखा, खाली शोक करणाऱ्यांची नावं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतो, वर्षाने पुन्हा. दारं, झाडं, बसथांबे कायम भरलेले असतात. हल्ली लोक चिकटपट्टीवर भागवतात. ताते मात्र पिठाची खळ शिजवतात, ब्रशने लावतात आणि कागद मधून कडेपर्यंत मुठीने दाबत नेतात, म्हणजे एकही बुडबुडा राहत नाही. “माणसाचा शेवटचा कागद आहे,” ते म्हणतात. “त्याला सुरकुती कशाला?”

त्या शनिवारी टेबलावर घेवड्याचं सूप होतं, मिरच्यांचं लोणचं होतं आणि पाव नेहमीपेक्षा बराच जास्त कापलेला होता.

“कोणी येणार आहे का ताते?”

“छे. पलीकडे द्यावा म्हटलं होतं. पण देणार कुठून?”

“पलीकडे म्हणजे?”

त्यांनी चमच्याने झोपायच्या खोलीकडे दाखवलं. मी हसले. त्या खोलीच्या भिंतीपलीकडे काही नाही. इमारत तिथे संपते. पलीकडे उघडी हवा, खाली गवत आणि एक अक्रोडाचं झाड. दर हिवाळ्यात त्या भिंतीला ओल यायची, काळी बुरशी धरायची, म्हणून ताते पलंग दुसऱ्या बाजूला ठेवायचे.

आज पलंग भिंतीला लावलेला होता.

“पाइप वाजवते बिचारी,” ते म्हणाले. आमच्या इमारतीत शेजाऱ्याशी भांडायचं झालं तर रेडिएटरवर चमचा आपटतात, आवाज सगळ्या मजल्यांवर जातो. “दुपारचं वाजवते. आधी वाटलं, खालच्या दोन्काबाई. त्यांना विचारलं, तर म्हणतात, मला पाइप वाजवायला वेळ नाही, मला भांडायचं असलं तर मी वर येते.”

“ताते, गरम पाण्याने पाइप प्रसरण पावतात. ट्रॉलीबस चालवलीत तुम्ही, एवढं ठाऊक नाही?”

“ठाऊक आहे की.” त्यांनी पावाचा तुकडा सुपात बुडवला. “आणि त्या प्रसरण पावण्याचं नाव नेव्यानाबाई आहे.”

मी चमचा खाली ठेवला. “हे नाव तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तिनंच. दुसरं कोण सांगणार?”

“पाइपावर वाजवून?”

त्यांनी मान खाजवली. “आता कसं कळलं ते विचारू नकोस. कळलं.”

मी मनात शोधत राहिले. कधीतरी मीच बोलले असेन. आज ऑफिसात काय केलंस, असं ते विचारतात आणि मी काहीबाही सांगते. म्हातारं माणूस एकटं असलं की नाव धरून ठेवतं आणि त्याच्याभोवती बाई उभी करतं. मी तर त्याच कामाचा पगार घेते.

तेवढ्यात रेडिएटर वाजला. अगदी हलका, नखाने वाजवावा तसा. ताते उठले, चमच्याने उलट वाजवलं, दोनदा सावकाश आणि एकदा झटकन. लहानपणी मी वरच्या मजल्यावर खेळायला जायचे तेव्हा ते मला जेवायला असंच बोलवायचे. पाइपातून क्षणभर काही आलं नाही. मग तेच परत आलं. दोनदा सावकाश, एकदा झटकन.

“बघ,” ताते कौतुकाने म्हणाले. “शिकली.”

मी भिंतीवर हात ठेवला. बुरशी गेली होती. भिंत कोरडी होती आणि कोमट होती. पलीकडे कुणी राहत असलं की भिंत जेवढी कोमट असते तेवढी.

निघताना मी इमारतीला वळसा घालून गेले. करडी भिंत, सांध्यांवर डांबर, एकही खिडकी नाही. अक्रोडाखाली बर्फ साचलं होतं आणि त्याच्यावर कुणाचं पाऊल नव्हतं. आपण हे बघायला आलो याचीच मला लाज वाटली.

४

सोमवारी मी नेव्यानाला एक पुतण्या दिला. ओग्न्यान, राहणार बुर्गास, जहाजावर नोकरी. त्याचं नाव त्या रकान्यात टाकलं आणि मूळ प्रतीतही टाकलं. तिला आता कुणीतरी आहे, या विचाराने मला बरं वाटलं. खोट्या बाईसाठी बरं वाटतंय, याचं आश्चर्यही वाटलं. पण ते मी बाजूला सारलं.

मंगळवारी सकाळभर मी इस्पितळात बैठकीला होते. जेवणानंतर ऑफिसात आले तर कामेन माझी वाटच बघत होता. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं.

“हा ल्युबेन स्तोइलोव्ह मान्चेव्ह कोण?”

“कुठे बघितलंस हे नाव?”

“तुझ्या म्हातारीच्या रकान्यात. फोन नंबरसकट.”

मी पडद्याकडे पाहिलं. ओग्न्यानचं नाव कुठे नव्हतं. तिन्ही नावं तातेंची होती, नंबर त्यांचा होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘शेजारी, भिंतीपलीकडचे. कागद लावतील.’

“माझे वडील आहेत,” मी म्हणाले.

“झोरी, तुला वेड लागलंय का? खऱ्या माणसाचं नाव घातलंस? हे बाहेर कळलं तर आपल्या दोघांनाही घरी बसवतील.”

“मी नाही घातलं.”

“मग तुझ्या वडिलांनी घातलं?” तो खुर्चीत मागे रेलला आणि हळू आवाजात म्हणाला, “ऐक. मी आज तिची चाचणी घेतली. लाल पट्टी आलीच नाही. संदेश पोचला, असं म्हणते.”

“कुणाला पोचला?”

“कुणालाच नाही. या सिस्टीमला बाहेरची तार जोडलेलीच नाही. तुला माहीत आहे.”

मला माहीत होतं. मी जिन्यात जाऊन तातेंना फोन लावला. मागे कुठलंतरी यंत्र घरघरत होतं.

“छापखान्यात आहे गं,” ते म्हणाले. “नंतर बोलू का? नेव्यानाबाई गेल्या.”

५

क जिन्याच्या दाराशी दोन्काबाई भाजीची पिशवी घेऊन कागद वाचत उभ्या होत्या. कागद मधोमध लावला होता, सपाट, एकही बुडबुडा नाही. फोटोची जागा कोरी होती. नेव्याना पेत्कोव्हा दास्कालोव्हा. जन्म एकोणतीस फेब्रुवारी. वर्षही मी घातलेलंच. खाली एकच नाव होतं, ‘शेजारी ल्युबेन’.

“ही कोण गं?” दोन्काबाईंनी विचारलं. “आपल्या जिन्यात तर नव्हती. तुझ्या वडिलांचं काही होतं का हिच्याशी?”

“नाही हो,” मी म्हणाले आणि वर पळाले.

तातेंनी काळा टाय लावला होता. टेबलावर साखर घालून उकडलेले गहू होते, मेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तसे. माझ्यापुढे त्यांनी वाटी सरकवली.

“खा. म्हण, देव तिला क्षमा करो.”

“ताते, ती बाई नाही. ती मी बनवली आहे. कॉम्प्युटरमध्ये. चाचणीसाठी.”

“ते तुझं तू बघ.” ते रागावले नव्हते. “रोज दुपारी जायची बिचारी. जायचं, आणि कुणाला पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी उठायचं, परत तेच. कुणी एक कागद लावला असता तर सुटली असती. त्याला काय लागतं? वाटीभर पीठ.”

मी गहू खाल्ले. मला रडू येत होतं आणि ते तातेंसाठी होतं की तिच्यासाठी, हे माझं मलाच कळेना. आम्ही दोघं झोपायच्या खोलीत जाऊन बसलो. तिची वाजवायची वेळ टळून गेली होती. पाइप गप्प होता. ताते डोळे मिटून ऐकत होते.

“बघ,” ते म्हणाले. “झोपली.”

मग रेडिएटर वाजला. नखाने नव्हे. वेगळ्या हाताने, खालून. त्यावर वरून एक आला. मग भिंतभर, एकात एक मिसळून, जेवणाच्या वेळी सगळ्या घरांतून चमचे वाजावेत तसं.

मी तातेंचा हात धरला. तो गरम होता.

“बरेच आहेत तिकडे,” ते म्हणाले. “लहान मुलंसुद्धा आहेत. जिन्याला कारभारी नाही, दाराला आजवर एक कागद नाही. बाकीच्यांचं कोण बघणार?”

“तुम्ही नाही बघणार. तुम्ही माझ्याकडे चला. आत्ता.”

“आत्ता नको.”

“ताते, मी हात जोडते.”

त्यांनी टायची गाठ सैल केली. “शनिवारी येतो. तोवर दोन-चार कामं उरकतो.”

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच हो म्हणाले होते. त्या आनंदात मी शनिवारपर्यंत थांबायला कबूल झाले.

६

बुधवारी डेटाबेसमध्ये नेव्याना नव्हती. मूळ प्रतीतही नव्हती. “काढलीस ना? बरं केलंस,” कामेन म्हणाला. मी काढली नव्हती. गुरुवारी आणखी काही गेले, जोडरेघेचं आडनाव असलेला गवंडी, तीन लग्नांची बाई, मधुमेहवालं अख्खं घर. मी तातेंना फोन केला की ते घाईत असायचे. एकदा म्हणाले, पीठ संपलं, आणायला निघालोय.

शुक्रवारी सिस्टीम इस्पितळाच्या ताब्यात द्यायची होती. देण्याआधी सगळा खोटा डेटा पुसून टाकायचा, हे करारात होतं आणि ते काम कामेनकडे होतं. दुपारी त्याने बाह्या सरसावल्या.

“जरा थांब,” मी म्हणाले. “एकदा बघू दे.”

“निरोप घेतेस का?”

मी ड जिना उघडला. मजल्यामागून मजले रिकामे झाले होते. माणसं उरली होती ती थोडी, बहुतेक लहान मुलं. आणि सगळ्यांत वर एक नवी नोंद होती. ल्युबेन स्तोइलोव्ह मान्चेव्ह. जन्मतारीख खरी. हृदयविकार, खरा. पत्ता, ड जिना. ‘निधन झाल्यास कोणाला कळवावे’ या रकान्यात माझं नाव होतं, तिन्ही शब्द, आणि पुढे ‘मुलगी’.

“कामेन, हे पुसू नकोस. सोमवारपर्यंत थांब.”

“आज द्यायचंय. त्यांना रिकामं घर हवंय, तुझ्या भाडेकरूंसकट नव्हे.”

“माझे वडील आहेत त्यात.”

तो हसायला लागला आणि माझं तोंड बघून थांबला. मी खिशातली डिस्क लावली आणि सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. हा नियमभंग होता, दोघांची नोकरी जाण्याइतका मोठा. कामेन उठला, खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, “मी काही पाहिलं नाही. तुझं झालं की सांग.”

मी तातेंना फोन लावला. वाजत राहिला. मी कामेनला “झालं” म्हणाले आणि धावत सुटले.

फ्लॅटचं दार नुसतं लोटलेलं होतं. गॅसवर सुपाचं भांडं, हात लावला तर कोमट. कोट खुंटीवर होता, बूट दाराशी होते. सपाता नव्हत्या. खळीचं भांडं नव्हतं आणि ब्रश नव्हता. झोपायच्या खोलीत पलंग आवरलेला होता आणि भिंत बर्फासारखी गार पडली होती.

मी खाली आले आणि इमारतीला वळसा घातला. त्या दिवशी ऊन होतं. बर्फ वितळून अक्रोडाखाली चिखल झाला होता. करड्या भिंतीवर, जमिनीपासून माणसाच्या डोक्याच्या थोडं वरपर्यंत, कागद लावलेले होते. शेजारी शेजारी, ओळीत, दोन्ही कडा आणि माथा सरळ. तेवढ्याच जागेत, जेवढ्या जागेत दार असतं. सगळी माझी माणसं होती. गवंडी होता, तीन लग्नांची बाई तिच्या तिन्ही आडनावांनी होती, मुलं सगळ्यांत खाली होती, त्यांच्या उंचीवर. कुठेही बुडबुडा नव्हता. प्रत्येक कागदाखाली एकच नाव होतं, ‘कारभारी ल्युबेन’.

मधोमध, डोळ्यांच्या पातळीवर, एका कागदाची जागा मोकळी होती. तिथे खळ लावलेली होती, चौकोनी, ब्रशच्या रेषा दिसत होत्या. मी बोट लावलं. खळ ओली आणि गरम होती.

चिखलात सपातांचे ठसे भिंतीकडे गेले होते. परत आलेले मला दिसले नाहीत. पण चिखल फार तुडवला गेला होता आणि त्या वेळी मला धड दिसतही नव्हतं, हेही सांगायला हवं.

७

पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली आहे. म्हातारी माणसं विसरतात, भटकतात, असं ते म्हणाले. मी मान डोलावली. भिंतीवरचे कागद पुढच्याच आठवड्यात पावसाने गेले. मी ते पोलिसांना दाखवले नाहीत, कारण ते कुणी लावले हे सांगावं लागलं असतं.

डिस्क मी घरी उघडली. ड जिन्यात आता एकच माणूस राहतो. ते पान मी रोज बघते आणि त्या पानावर कुठलीही चाचणी घेत नाही. इस्पितळात सिस्टीम उत्तम चालली आहे, एकही तक्रार नाही. नवं काम सुरू झालं तेव्हा कामेन एवढंच म्हणाला की या वेळी टेस्ट टेस्टोव्ह घालू.

मी माझं घर सोडून तातेंच्या फ्लॅटात राहायला आले आहे. पलंग भिंतीलाच आहे. भिंत पुन्हा कोमट झाली आहे. दुपारी रेडिएटर वाजतो, दोनदा सावकाश, एकदा झटकन, आणि मी चमच्याने तसंच उत्तर देते. तेवढ्यासाठी मी रोज दुपारी जेवायला घरी येते.

चाळिसावा दिवस होऊन गेला. परवा दोन्काबाई माझ्याशी भांडायला वर आल्या.

“जिन्यातल्या एकूणएक माणसाला त्यांनी कागद लावला,” त्या म्हणाल्या. “माझ्या नवऱ्याला लावला. आणि स्वतःच्या बापाला तू एक कागद लावत नाहीस? लोक काय म्हणतात ते ऐक जरा.”

“ते गेले असं कुठे कळलंय, दोन्काबाई?”

“अगं, तुझा चेहराच सांगतो.” मग त्या जरा मऊ झाल्या. “आणि ते कडेच्या भिंतीवर काय फासून ठेवलंय कुणी? मी पुसून बघितलं. जात नाही.”

कागद छापून आणलेला आहे. ट्रॉलीबसच्या काचेतून हसणारा त्यांचा फोटो आहे, तिन्ही नावं आहेत, खाली मी एकटी आहे. दुसऱ्या तारखेची जागा छापखान्यातल्या मुलीने मोकळी ठेवून दिली. कागद लागला की माणूस सुटतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. आणि सुटलेला माणूस पाइप वाजवत नाही, हेही पाहिलं आहे. ताते काय मागतात ते मला नीट कळतं. रोज त्याच वेळी, त्याच सुरात, जेवायला बोलवावं तितक्याच शांतपणे ते मागतात. जन्मभर सगळ्यांचं त्यांनी केलं, त्यांचं करायला मी एकटी आहे, आणि माझ्याच्याने ते होत नाही.

काल कागद घेऊन मी भिंतीपर्यंत गेले. अक्रोडाला पालवी फुटली आहे, कडक ऊन होतं. कागद उलगडला, फोटो एकदा बघितला, परत गुंडाळला आणि वर येऊन चमचा हातात घेऊन बसले.

उद्या लावेन. खळ अजून ओली आहे.